दुखतंय? गोळीला पाच मिनिटं थांबवा!

दौंड शटलपासून रांजणगावच्या कंपनी बसपर्यंत, प्रत्येक बॅगेत पेनकिलरची एक स्ट्रिप असतेच. ती बाहेर काढायच्या आधी काय करून बघता येईल? आणि कुठल्या दुखण्याला घरचा उपाय अजिबात करायचा नाही?

एक छोटीशी टेस्ट घ्या. ऑफिस बॅगेचा सगळ्यात पुढचा कप्पा उघडा. काय काय सापडलं? आयकार्ड, इअरफोन, सुटे पैसे, दोन-तीन बिलं आणि दहापैकी सहा गोळ्या संपलेली एक स्ट्रिप. बरोबर ना? ती कधी आणली ते आठवत नाही. कुणी लिहून दिली तेही आठवत नाही. बहुतेक कुणीच दिली नसणार! शेजारच्या डेस्कवरच्या कलीगने ‘घे रे, जाम इफेक्टिव्ह आहे’ म्हणत पहिली दिली आणि पुढच्या आपणच मेडिकलमधून आणल्या.

त्यात नवल काहीच नाही. दौंडहून रोज शटलने पुण्याला येणारा तरुण एका बाजूने दीड तास उभा असतो. शिरूरहून खराडीला येणारी मुलगी नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मान अवघडून बसलेली असते. रांजणगावच्या लाइनवर उभं राहून पायांचे गोळे होतात आणि कुरकुंभच्या नाइट शिफ्टनंतर डोकं ठणकतं. यातल्या कुणालाही ‘आज दुखतंय, घरी बसतो’ म्हणायची सोय नसते. मग काय, पाण्याचा घोट, गोळी आणि पुढचं काम!

म्हणून या वेळी ‘नॅचरल’ उपायांची गोष्ट. आजीचा बटवा उघडायचाच आहे, पण डोळे मिटून नाही. काय चालतं, का चालतं आणि कुठे थांबायचं, हे तिन्ही बघू.

गोळी करते तरी काय?

आधी गोळीची बाजू. कुठे इजा झाली, सूज आली की शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. दुखतंय हा मेसेज मेंदूपर्यंत मोठ्या आवाजात पोचतो तो त्यांच्यामुळे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही मंडळी या रसायनांचं उत्पादनच कमी करतात. दुखणं कमी होतं, झकास वाटतं.

पण हीच रसायनं जठराच्या आतल्या अस्तराची राखण करतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतात. म्हणजे मानेसाठी घेतलेल्या गोळीची किंमत पोट मोजतं. रोज उपाशीपोटी, वर दोन कटिंग चहा, असा कार्यक्रम सुरू राहिला तर अ‍ॅसिडिटी, अल्सर आणि पुढे किडनीची तक्रार असा प्रवास होऊ शकतो. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य, पण लिव्हरला नाही. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल दडलेलं असतं, ते धरून! वीकएण्डच्या पार्टीनंतर हा हिशेब आणखी कडक होतो.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळ्यांमुळे पुन्हा डोकेदुखी, असा आजारच आहे. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की डॉक्टरांना हा संशय येतो. आणि डायक्लोफेनॅकची गोळी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नसते. काउंटरवर ती शेंगदाण्याच्या पुडीसारखी मिळते, हा भाग वेगळा!

उरुळीचा प्रयोग

दौंड शटलमध्ये रोज बसणाऱ्यांनी कधी विचार केलाय का, यवतच्या आधी एक स्टेशन लागतं, उरुळी कांचन, तिथे काय आहे? मार्च १९४६. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, वाटाघाटींची धामधूम आणि गांधीजी चक्क या गावात येऊन राहिले. का? गावातल्या गरीब पेशंट्सवर निसर्गोपचार करायला. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं, पण गांधीजींना हे उपचार शहरातल्या श्रीमंतांपुरते ठेवायचे नव्हते. आठवडाभर ते तिथे राहिले, पेशंट तपासले. औषधं कुठली? ऊन, थंड पाण्याचं कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, ताक, फळांचा रस, उकळलेलं पाणी आणि रामनाम.

ते गेल्यावर आश्रम सांभाळला मणिभाई देसाईंनी. तेव्हा ते पंचविशीत होते, म्हणजे तुमच्या-आमच्याच वयाचे! ते उरुळीतच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आश्रम आजही चालू आहे. मातीचे लेप, पाण्याचे उपचार, मसाज, योगासनं, मोजका आहार. लोक तिथे जाऊन राहतात.

‘जाऊन राहतात’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. गांधीजींच्या यादीतली एकही गोष्ट महाग नाही, पण एकही पाच मिनिटांत उरकणारी नाही. कटिस्नानाला वेळ लागतो, मातीची पट्टी वाळायला वेळ लागतो, उन्हात बसायलाही वेळच लागतो. निसर्गोपचाराचं खरं बिल पैशांत नसतं, तासांत असतं. गोळी आपल्याला नेमके तेच तास वाचवून देते आणि म्हणूनच ती इतकी खपते.

आता ज्याच्याकडे हे तासच नाहीत त्याने काय करायचं? दौंड-शिरूर हा उसाचा पट्टा. दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या या भागात उतरतात. तिथे कामावर न जाण्याला ‘खाडा’ म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशन्सची बातमी देशभर गाजली. पाळीचं दुखणं आणि त्यापायी पडणारा खाडा हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. आपल्या एसी ऑफिसात परिस्थिती तेवढी भीषण नाही, पण ‘सुट्टी मागण्यापेक्षा गोळी बरी’ हे लॉजिक त्याच जातीचं आहे. तुमच्याकडे निदान गरम पाण्याची पिशवी घेऊन अर्धा तास पडायची चैन असेल, तर ती वापरा की!

चला, बटवा उघडू

डोकं. पहिले तीन प्रश्न: जेवण झालं का, पाणी प्यायलात का, रात्री किती झोपलात? निम्मी डोकेदुखी इथेच सापडते. स्क्रीनसमोर असाल तर २०-२०-२० चा फंडा वापरा. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचं. मग बाम. बामला हसू नका! १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनपासून आपल्या घराघरांत बाम आहे आणि त्यामागे सायन्सही आहे. १९९६ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात ताणाच्या डोकेदुखीवर कपाळाला आणि कानशिलांना लावलेलं १० टक्के पेपरमिंट तेल हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं. पुदिन्याच्या जातीतला हा मेंथॉल त्वचेतले गारव्याचे सेन्सर चाळवतो आणि मेंदूचं लक्ष दुखण्यावरून तिकडे वळतं. सुंठ-वेखंड उगाळून कपाळाला लावायची आजीची रीत याच्या उलट्या दिशेने, ऊब देऊन, तेच काम करते. फक्त लेप डोळ्यांपासून लांब ठेवा.

मान आणि कंबर. हा तर आपला राष्ट्रीय आजार! आखडलेल्या स्नायूला शेक, ताज्या मुरगळीला पहिले एक-दोन दिवस बर्फ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. शेकासाठी रबरी पिशवी नसेल तर जाडं मीठ आणि ओवा तव्यावर गरम करून सुती कापडात पुरचुंडी बांधा. घोड आणि भीमेच्या काठाला, ओढ्याकडेला निर्गुडी उगवते. तिचा पाला गरम करून दुखऱ्या गुडघ्यावर बांधायची पद्धत या भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, लगेच सांगतील. पाला मिळत नसेल तर निर्गुडीचं तेल दुकानात मिळतं. चोळण्याने आणि उबेने बरं वाटतं, हे नक्की.

पण कंबरेचा खरा उपाय बाटलीत नाहीच. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत चालायला लावलं. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांतच दुखली. जिमची फी नाही, गॅजेट नाही, नुसतं चालणं! स्टेशनपासून ऑफिसपर्यंत रिक्षा न करणं हा या हिशेबाने पेनकिलरच झाला.

पाळीचं दुखणं. मैत्रिणींनो, इथे घरच्या उपायांचा स्कोअर खरंच सॉलिड आहे. २००१ मध्ये एका अभ्यासात ओटीपोटावर सतत हलकी ऊब देणारा पॅच, साधारण ३९ अंशांचा, आयबुप्रोफेनच्या बरोबरीने उपयोगी ठरला. २००९ मध्ये इराणमधल्या कॉलेजच्या मुलींवर अभ्यास झाला. तिथे २५० मिलिग्रॅम सुंठीची कॅप्सूल दिवसातून चारदा, पहिले तीन दिवस, मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड निघाली. म्हणजे आईचा सुंठ-गुळाचा काढा अगदीच हवेतला नाही. सुंठ घरची, गूळ दौंडच्या गुऱ्हाळावरचा, अजून काय पाहिजे? मात्र दर महिन्याला अंथरुणातून उठवत नसेल, गोळीनेही थांबत नसेल, तर ‘बायकांना दुखतंच’ म्हणून सोडू नका. एण्डोमेट्रिओसिससारखं कारण असू शकतं आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञच शोधू शकतात.

दात. लवंग दाढेखाली धरायची किंवा कापसाच्या बोळ्यावर लवंगतेलाचा एखादा थेंब. लवंगेतलं युजेनॉल तेवढा भाग खरोखर बधिर करतं, डेन्टिस्टही ते वापरतात. पण ही फक्त डेन्टिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंतची सोय. कीड लवंगेने मरत नाही. आणि ते तेल गिळायचं नाही, लहान मुलांच्या हाती तर मुळीच द्यायचं नाही.

गुडघे-सांधे. हळदीचं दूध? इथे जरा आकडे बघू. २०१४ मध्ये थायलंडमधल्या अभ्यासात गुडघ्याच्या संधिवातावर हळदीचा अर्क आयबुप्रोफेनइतकाच परिणामकारक ठरला. पण तो होता रोज १५०० मिलिग्रॅम अर्क. आपल्या कपात अर्धा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम हळद जाते आणि त्यात करक्युमिन असतं ५० मिलिग्रॅमच्या आसपास. तेही अंगी लागतं फार थोडं. सो, हळदीचं दूध जरूर प्या, छान झोप लागते. फक्त त्याला आयबुप्रोफेन समजू नका.

‘हर्बल’ म्हणजे सेफ? जरा थांबा!

आता थोडं कडू. नॅचरल आणि केमिकल ही भिंत आपण समजतो तितकी पक्की नाही. अ‍ॅस्पिरिनचं मूळ विलो झाडाच्या सालीत आहे. त्या सालीतल्या सॅलिसिनवरून पुढे जात १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमनने अ‍ॅस्पिरिन बनवलं. या विलोचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे नदीकाठचं वाळुंज. म्हणजे झाड आपल्या ओळखीचं, गोळी बाहेरून आलेली! उलट बाजूही बघा. मिरचीने जीभ का भाजते, हे शोधता शोधता डेव्हिड ज्युलियस यांना उष्णता आणि वेदना ओळखणारा सेन्सर सापडला आणि २०२१ चं नोबेल अर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम आज सांधेदुखीवर वापरतात.

पण झाडात औषध आहे म्हटल्यावर झाडात साइड इफेक्टही आलाच. करोनाच्या पहिल्या वर्षात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंट्समध्ये लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. पण रोज, मोजमाप न करता, महिनोन्‌महिने कुठलाच काढा पिऊ नये, एवढं तर दोन्ही बाजूंना पटेल. रुईचं पान गरम करून बांधताना तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या, आल्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. प्रेग्नन्सीत तर कुठलीच नको.

आणि बाजारातल्या त्या बिनलेबलच्या पुड्या! ‘गुडघेदुखी सात दिवसांत गायब, शंभर टक्के आयुर्वेदिक.’ सात दिवसांत खरोखर गायब झाली, तर खूश होण्याआधी शंका घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘आर्ट्री किंग’ नावाच्या सांधेदुखीच्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांबद्दल इशारा दिला. आत काय सापडलं? डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, लेबलवर अवाक्षर न लिहिता! ज्या गोळीपासून पळायचं, तीच हिरव्या पाकिटात. असं स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलं की शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. घरात आई-बाबा अशी पुडी घेत असतील तर रागावू नका, ती पुडी घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जा.

गांधीजी आणि ससूनचं टेबल

उरुळीच्या २२ वर्षं आधीची गोष्ट. जानेवारी १९२४. गांधीजी येरवडा जेलमध्ये होते आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं अपेंडिसायटिस. त्यांना ससून हॉस्पिटलमध्ये हलवलं. निसर्गोपचारावर या माणसाचा विश्वास किती, हे जगाला माहीत होतं. आधुनिक डॉक्टरांवर त्यांनी १९०९ मध्येच ‘हिंद स्वराज’मध्ये कडक टीका केली होती. पण १२ जानेवारीच्या रात्री त्यांनी ऑपरेशनला संमती दिली. कर्नल मॅडॉक या ब्रिटिश सर्जनने क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन केलं. मध्येच लाइट गेले आणि बाकीचं काम कंदिलाच्या उजेडात पुरं झालं. त्या रात्री मातीच्या पट्टीचा हट्ट धरला असता, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

एकच माणूस आणि एकच पुणे जिल्हा. २२ वर्षांनी तोच माणूस उरुळीत मातीच्या पट्ट्या बांधत होता. यात विसंगती शोधायची तर शोधा. मला मात्र यात आपल्या बॅगेतल्या स्ट्रिपचं उत्तर दिसतं. रोजच्या दुखण्याला वेळ द्यायचा आणि रोजचं नसलेलं दुखणं आलं की वेळ घालवायचा नाही.

इथे घरचे उपाय बंद, थेट डॉक्टर!

* छातीत दाब, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, घाम. ‘गॅस असेल’ म्हणत ओवा चावत बसू नका.
* आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक, प्रचंड डोकेदुखी. किंवा डोकेदुखीसोबत ताप, मान ताठ होणं, बोलणं अडखळणं.
* कंबरदुखीसोबत पाय बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं.
* बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी पोटदुखी.
* पेनकिलर चालू असताना काळी, डांबरासारखी संडास.
* एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर.
* ताप आणि अंगदुखी, डेंगीची साथ. इथे आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक टाळायचं. डॉक्टर भेटेपर्यंत मर्यादेत पॅरासिटामॉल चालेल.

शेवटी एक होमवर्क, अगदी सोपा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आजपासून महिनाभर, गोळी घेतली त्या दिवसावर एक फुली मारायची. कशासाठी घेतली, त्याचा एक शब्द शेजारी. ‘मान’, ‘मीटिंग’, ‘जागरण’, काहीही. महिन्याच्या शेवटी फुल्या मोजा. दोन-तीन असतील तर बिनधास्त राहा, गोळी त्यासाठीच असते. दहाच्या पुढे गेल्या तर ते कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा. आणि ‘मीटिंग’ हाच शब्द सारखा दिसायला लागला, तर जरा बॉसशीही बोला!